फोटोखाली काहीच लिहिलं नव्हतं

चूक माझी झाली, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणी मला अक्कल शिकवायला नको. पण ती कशी झाली तेही ऐका. कारण त्या एका सकाळी आमच्या शाळेच्या सहाशे बारा माजी विद्यार्थ्यांनी एका चांगल्या जिवंत माणसाला वर पोचवून टाकलं, आणि त्याला कारण मी, जागृती वर्तक, आगाशीजवळच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवणारी बाई.

शाळेला यंदा साठ वर्षं झाली. पट घसरत चाललाय. पाचवीच्या दोन तुकड्यांची एक झाली, आता ती एकही राहते की नाही अशी वेळ आलीय. पूर्वी मे महिन्यात आम्ही शिक्षक दारोदार फिरून मुलं गोळा करायचो. यंदा संस्थेच्या मंडळींना साक्षात्कार झाला की लोक आता घरात राहत नाहीत, मोबाइलमध्ये राहतात, तेव्हा तिथे जा. लगेच एक दिवसाचं शिबिर झालं. एक तरुण तज्ज्ञ आला, त्याने आम्हाला पडद्यावर बाण काढून दाखवले आणि सांगितलं की लोक वाचत नाहीत, म्हणून आधी फोटो टाका, मजकूर मागून. शिबिर संपलं तेव्हा शाळेचं फेसबुक आणि माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप, दोन्ही माझ्या गळ्यात पडले होते. का, तर म्हणे वर्तकबाईंना भराभर टाइप करता येतं. बावीस वर्षं मी या शाळेत प्रकाशसंश्लेषण शिकवतेय, त्याचं कुणाला काही नाही.

मार्चमध्ये हीरक महोत्सवाचा मोठा कार्यक्रम ठरला. त्यात व्हॅलेरियन सरांचा सत्कार करायचा होता. सरांनी चौतीस वर्षं इथे गणित शिकवलं. मी स्वतः त्यांची विद्यार्थिनी. कडक म्हणजे किती कडक, तर त्यांच्या तासाला भिंतीवरची पालसुद्धा हलत नसे. आता वय अठ्ठ्याहत्तर. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. उजवा पाय ओढत चालतात, आणि बोलणं असं की एकेक शब्द जड पोत्यासारखा उचलून बाहेर ठेवावा लागतो. राजोडीला सुनेकडे असतात. मुलगा बोटीवर. सून एलिना आमच्याच शाळेची, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान.

जानेवारीत मी आमंत्रण द्यायला गेले. सर ओट्यावर खुर्चीत बसले होते. सत्काराचं ऐकून त्यांनी मान हलवली, मग एलिना चहा करायला आत गेल्यावर मला जवळ बसायला सांगितलं आणि विचारलं, तुझ्या त्या ग्रुपात मयूर आहे का.

मयूर म्हणजे मयूर राऊत. सातवी ब मध्ये माझ्या मागच्या बाकावर बसायचा. आगाशीच्या गंगाराम राऊतांचा मुलगा. त्यांची केळीची आणि पानवेलीची वाडी होती. मयूर गणितात असा की सर फळ्यावर उदाहरण लिहून वळेपर्यंत याचं उत्तर तयार. पुढे काय झालं ते मला ठाऊक होतं, कारण मी तिथे उभी होते. सरांचं मनगटी घड्याळ हरवलं, स्टाफरूमच्या टेबलावर ठेवलं होतं म्हणाले. त्या दिवशी खडू आणायला स्टाफरूममध्ये एकटा मयूर गेला होता. दुसऱ्या सकाळी परिपाठाला सगळ्या शाळेसमोर सरांनी त्याला पुढे बोलावलं आणि छडीने मारलं. तो सारखा म्हणत होता, मी नाही घेतलं. आम्ही सगळे खाली मातीकडे बघत उभे होतो. मीसुद्धा. गंगारामकाकांनी त्याच दिवशी त्याला शाळेतून काढला, चोराला शिकवून काय करू म्हणाले, आणि वाडीत कामाला लावला. तो परत शाळेत आला नाही.

सरांनी मला सांगितलं की घड्याळ चौथ्या दिवशी सापडलं. त्यांच्याच घरी, विहिरीच्या कट्ट्यावर, दगडाच्या फटीत. हातपाय धुताना त्यांनी ते स्वतःच काढून ठेवलं होतं.

खोटं कशाला सांगू, मला त्यांचा राग आला. मी विचारलं, मग तुम्ही सांगितलं का नाही. सर म्हणाले, तेव्हाच्या हेडमास्तरांना सांगितलं होतं. ते म्हणाले, आता बोभाटा नको, शिक्षकाची पत जाईल, शाळेचं नाव जाईल.

"आणि मला तेच ऐकायचं होतं," सर म्हणाले. "सुटलो, असं वाटलं."

नंतर दोनदा ते आगाशीच्या बाजारापर्यंत गेले, गंगारामच्या घराकडे वळायच्या कोपऱ्यापर्यंत, आणि तिथून परत फिरले. या गोष्टीला आता चौतीस वर्षं झाली. आता त्यांना एकच भीती होती. डॉक्टर म्हणाले होते, दुसरा झटका आला तर वाचा जाईल. त्याआधी त्यांना मयूरला तोंडाने सांगायचं होतं. मी म्हटलं, मी कळवते ना त्याला. तर म्हणाले, नाही, निरोप नको, चिठ्ठी नको, तू काही सांगायचं नाहीस, फक्त त्याला माझ्यासमोर आण. माझ्याकडून वचन घेतलं. म्हातारा माणूस, डोळ्यांत पाणी, मी काय करणार. दिलं.

मयूर ग्रुपात होता. कुणीतरी त्याला घेतला होता आणि त्याने आजवर तिथे एक अक्षर लिहिलं नव्हतं. तुळिंजला त्याचं फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे, फोटोच्या जागी दुकानाची पाटी. मी त्याला लिहिलं, सर तुझी आठवण काढतात, एकदा भेट. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. असं तीनदा. शेवटी फोन केला. आवाज ओळखून तो छान बोलला, मुलीचं कॉलेज, धंदा, सगळं सांगितलं. सरांचं नाव काढताच म्हणाला, जागृती, दुसरं काही असेल तर बोल. मी दुसरं काय बोलणार. राजोडीला कळवलं, तो येत नाही. एलिना सांगत होती, त्या दिवशी सर जेवले नाहीत.

आता माझ्या चुकीचं सांगते.

फेब्रुवारीतला शनिवार, सकाळची शाळा. मला त्या दिवशी ग्रुपवर सत्काराची बातमी द्यायची होती. सरांचा फोटो माझ्याकडे होता, मीच ओट्यावर काढलेला. पांढरा सदरा, हात मांडीवर, समोर एलिनाच्या शेवंतीच्या कुंड्या, आणि माझ्या मोबाइलने आपल्या मनाने मागची भिंत पांढरी धूसर करून टाकलेली. शिबिरात शिकवल्याप्रमाणे आधी फोटो टाकला. खाली मजकूर लिहायला घेतला आणि घंटा झाली. आमच्याकडे नियम आहे, घंटा झाली की शिक्षकाचा मोबाइल स्टाफरूमच्या खणात. मुख्याध्यापिका रोझमेरी मॅडम दारातच उभ्या असतात. म्हटलं, तासानंतर लिहू. तर त्या दिवशी माझे लागोपाठ दोन तास, नववीचं प्रात्यक्षिक.

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी म्हाताऱ्या माणसाचा एकटा फोटो, समोर फुलं, खाली एक शब्द नाही. आपल्याकडे याचा एकच अर्थ होतो हो. मला कळायला पाहिजे होतं.

कुवेतला असलेला स्टॅनी सगळ्यांत पहिला. तो नेहमीच पहिला असतो, कुणाचा वाढदिवस असो की आणखी काही. प्रभू सरांच्या आत्म्यास चिरशांती देवो, असं त्याने सात वाजून बावीस मिनिटांनी लिहिलं. संपलं. त्याच्या मागून रांग लागली. भावपूर्ण श्रद्धांजली. गणिताचा सूर्य मावळला. एकाने कविता केली. ज्यांनी जन्मात सरांना कधी विचारलं नाही त्यांनी हात जोडल्याच्या चार-चार ओळी टाकल्या. एकीने विचारलं, चर्चमध्ये मिस्सा किती वाजता. दुसऱ्याने, माहीत नसताना, चार वाजता म्हणून ठोकून दिलं. संस्थेच्या अध्यक्षांनी शाळेच्या फेसबुकवर 'आधारवड हरपला' असं टाकून वर आपलाही फोटो लावला.

मी हात धुऊन स्टाफरूममध्ये आले तर दोनशे चौदा मेसेज. पहिल्यांदा मला खरंच वाटलं की सर गेले, आणि योगायोग म्हणजे काय हा. मग वर वर जाऊन पाहिलं तर सुरुवात माझ्याच फोटोपासून. तेवढ्यात रोझमेरी मॅडम डोळे पुसत आल्या, म्हणाल्या, शिपायाला सांगितलंय, शाळा सोडून देऊ. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि खरं काय ते सांगितलं. त्या माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिल्या ती मी रिटायर होईपर्यंत विसरणार नाही.

मी एलिनाला फोन लावला. वाटलं होतं, ती मला फाडून खाईल. तर तिकडे हसणं चालू होतं. ती म्हणाली, बाई, दारात शेजारी जमले होते, पप्पांनीच त्यांना हात दाखवून घरी पाठवलं. आता पेज पिता पिता मला सगळं वाचून दाखवायला लावलंय. म्हणतात, हे ऐकायला माणसाला मरावं लागतं, मला फुकट मिळतंय. ऐकून माझाही जीव भांड्यात पडला. म्हटलं, आता दोन ओळींत माफी मागते आणि मिटवते.

माझं लिहून होतंय तोवर मयूरचा मेसेज आला. तो ग्रुपात पहिल्यांदाच लिहीत होता.

त्याने लिहिलं होतं: "सर गेले. कुणाचं वाईट बोलू नये अशा वेळी, पण मला पुन्हा संधी मिळणार नाही. मी ते घड्याळ घेतलं नव्हतं. सरांनी मला सगळ्या शाळेसमोर चोर म्हणून मारलं. तुमच्यातले पुष्कळ जण तिथे होते. माझी शाळा त्या दिवशी सुटली. माझे वडील अजून मला चोरच समजतात. बस, एवढंच सांगायचं होतं."

त्या 'पुष्कळ जणां'त मीही होते. आणि लोक काय, तुटून पडले त्याच्यावर. माणूस जाऊन तास झाला नाही आणि हे काय. लाज वाटत नाही का. स्टॅनीने तर लिहिलं, ॲडमिन, या माणसाला काढून टाका.

रोझमेरी मॅडमनी माझ्या खांद्यावरून ते वाचलं. मॅडम वाईट नाहीत, हे मी मुद्दाम सांगते. शाळा जगावी म्हणून त्या रविवारीसुद्धा शाळेत येतात. त्या म्हणाल्या, जागृती, हा मेसेज आत्ता पूस, तू ॲडमिन आहेस, तुला येतं. पुढच्या महिन्यात कार्यक्रम, पाठोपाठ प्रवेश. या ग्रुपातलेच लोक उद्या आपली मुलं पाठवायची की नाही ते ठरवणार. मुलाला चोर ठरवून मारणारी शाळा, असं नाव झालं तर पाचवी गेलीच समज.

चौतीस वर्षांपूर्वी हेडमास्तर हेच म्हणाले होते. मॅडमना ते माहीत नव्हतं, मला माहीत होतं. मी म्हटलं, मॅडम, मी हे पुसणार नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, आता आवाज चढवून. माझं डोकं तापट, मीही चढवला. तेवढ्यात एलिनाचा फोन. ती आता हसत नव्हती. म्हणाली, मयूरचं आणि स्टॅनीचं वाचून दाखवलं, पप्पांना तुमच्याशी बोलायचंय.

मग सर म्हणाले, "पुसू नको. ते माझं आहे."

आणि दहा मिनिटांनी एलिनाच्या नंबरवरून ग्रुपात आवाजाचा मेसेज आला. एक मिनिट पन्नास सेकंदांचा. दुसऱ्या कुणी ते सगळं वीस सेकंदांत म्हटलं असतं. मी स्टाफरूममध्ये तो मोठ्याने लावला, मॅडमसमोरच.

"मयूर. मी व्हॅलेरियन सर. मी गेलो नाही. तू चोरी केली नव्हतीस. घड्याळ माझ्या घरी होतं. विहिरीवर. चौथ्या दिवशी मिळालं. मी गप्प बसलो. तुला सगळ्यांसमोर मारलं, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. चोर तू नव्हतास. माझं चुकलं."

मॅडम बाकावर बसल्या. म्हणाल्या, राहू दे तो मेसेज. मग उठून वर्गावर गेल्या.

ग्रुप दिवसभर चिडीचूप. सहाशे बारा माणसं, आणि एक हात जोडलेलं चित्र नाही की अंगठा नाही. स्टॅनीने आपली श्रद्धांजली गुपचूप काढून टाकली. मी संध्याकाळपर्यंत मोबाइल हातातून खाली ठेवला नाही. सरांनी एलिनाला दर पंधरा मिनिटांनी विचारलं, मयूरचं काही आलं का. नाही आलं.

सात वाजता मयूरने मला फोन केला. आधी विचारलं, सर खरंच आहेत ना. हो, आहेत. मी म्हटलं, मयूर, मी पण त्या रांगेत उभी होते, मला माफ कर. तो म्हणाला, तू बारा वर्षांची होतीस गं. मग त्याने जे सांगितलं त्यामुळे मला रात्रभर झोप लागली नाही. तो म्हणाला, मला ऐकून काय करायचं, मला माहीतच होतं मी घेतलं नाही. हे माझ्या बाबांना सांगायला पाहिजे. मोबाइलवर नको, त्यांना त्या यंत्रातलं खरं वाटत नाही. सरांना आणशील का आमच्याकडे?

या भेटीचं अध्यक्षांना कुठून कळलं देव जाणे. रविवारी सकाळी त्यांचा फोन, गुरुशिष्यांच्या भेटीचा फोटो काढा, सुंदर पोस्ट होईल, कालचं सगळं धुऊन निघेल. मी हो हो म्हटलं आणि मोबाइल घरीच ठेवून निघाले.

रविवारी राजोडीच्या गल्लीत समुद्रावर येणाऱ्यांच्या गाड्यांनी रस्ता अडतो. आमची रिक्षा अर्धा तास तिथेच. सर मध्ये, एका बाजूला मी, एका बाजूला एलिना. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी घोकत होते. परीक्षेला निघालेल्या मुलासारखे. आगाशीच्या बाजाराचा तो कोपरा आला तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला. मी रिक्षावाल्याला म्हटलं, वळव, थांबू नको.

गंगारामकाका पडवीत बसले होते. ऐंशीच्या घरातले, अंगाने वाळलेले, नजर मात्र तीच. मयूर खांबाला टेकून उभा होता. केस पांढरे झालेत त्याचे. सरांना बघून तो पुढे आला नाही, पण त्याने खुर्ची आणून ठेवली. काका म्हणाले, बसा मास्तर, आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. मास्तर घरी आलेत म्हणून त्यांना आनंदच झाला होता, हे बघून मला कसंसंच झालं.

सरांनी चहाला हात लावला नाही. एकेक शब्द उचलत त्यांनी सगळं सांगितलं. घड्याळ, विहीर, चौथा दिवस. मध्ये जीभ अडखळली की एलिना त्यांचं वाक्य पुरं करायला जायची आणि ते हाताने तिला थांबवायचे. शेवटी म्हणाले, "गंगाराम, तुझा मुलगा चोर नव्हता. मला माहीत होतं. मी आलो नाही."

काका सरांकडे न बघता मयूरकडे वळले.

"मग तू का नाय बोललास तेव्हा?"

मयूर म्हणाला, "बोललो होतो बाबा. रोज बोलत होतो."

आतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मयूर धरायला पुढे झाला तर त्यांनी त्याचं मनगट पकडून त्याला खाली, आपल्या शेजारी बसवलं.

"बोलायचा," ते सरांना म्हणाले. "मी मारायचो, तरी बोलायचा. तुमची छडी एक दिवसाची होती मास्तर. माझी वर्षभर चालली."

सर रडत होते आणि एलिना त्यांचं तोंड पुसत होती. मयूर मान खाली घालून बसला होता, सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या, कॉलेजातल्या मुलीचा बाप. गंगारामकाकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सदऱ्यावरून, मानेपासून कमरेपर्यंत, पुन्हा मानेपासून कमरेपर्यंत, ते सावकाश हात फिरवत राहिले आणि विचारत राहिले, दुखतं का रे, अजून दुखतं का.